शेळीच्या पोटातले सोबती



गेल्या मे महिन्यात आमच्या गटातल्या एका ताईंची शेळी दगावली. गटाचं कर्ज काढून घेतलेली, हप्ते अजून चालू होते. उन्हामुळे शेळी कडबा खाईना, म्हणून ताईंनी मायेपोटी तिच्यापुढे पाटीभर ज्वारी ठेवली. रात्री तिचं पोट तटतटलं, रवंथ थांबलं, दुसऱ्या दिवशी ती गेली. तेव्हा जनावरांच्या डॉक्टरांकडून आम्ही जे शिकलो, ते आज सांगतो.

चारा शेळी खाते, पण तो पचवतात तिच्या पोटातले डोळ्यांना न दिसणारे जीवाणू. चारा आंबवून ते तिला ताकद देतात. त्यातून ऊबही तयार होते. थंडीत ती उपयोगी पडते, उन्हाळ्यात मात्र जड जाते. म्हणून कडक उन्हात शेळी आपणहून कमी खाते.

हवामान सोसायला जीवाणू कशी मदत करतात, हे जिनिव्हा विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी उंदरांवर पाहिलं. २०१५ साली ते प्रसिद्ध झालं. काही उंदीर त्यांनी ६ अंश तापमानात ठेवले. त्यांच्या आतड्यातल्या जीवाणूंचं प्रमाण बदललं. हे जीवाणू मग पोटात एकही जीवाणू नसलेल्या दुसऱ्या उंदरांना दिले. या उंदरांना थंडीची सवय नव्हती, तरी ती त्यांना जास्त सोसू लागली. अन्नातलं सत्त्व जास्त शोषता यावं, अशी त्यांची आतडीही लांब झाली.

पण जीवाणूंना बदलायला वेळ लागतो. एकदम धान्य पडलं, की पोटात आम्ल वाढतं आणि चारा पचवणारे जीवाणू मरतात. रवंथ करताना सुटणारी लाळ हे आम्ल मारते. उन्हाळ्यात रवंथ कमी होतं, धापेबरोबर लाळही गळून जाते. त्यामुळे धोका वाढतो.

म्हणून आम्ही आता असं करतो. चारा पहाटे आणि दिवस मावळल्यावर घालतो. दिवसभर सावली आणि पाणी ठेवतो. खुराक बदलायचा तर आठ-दहा दिवसांत थोडा थोडा बदलतो. अँटिबायोटिक डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाजत नाही, कारण त्याने पोटातले कामाचे जीवाणूही मरतात.

आणि रवंथ थांबलं, तर सकाळची वाट न बघता डॉक्टरांना बोलवा. त्या रात्री आम्ही तेवढंच केलं नव्हतं.