किल्ली कोणाच्या कमरेला?

घराला भलेभक्कम कुलूप लावायचे आणि किल्ली तुळशीवृंदावनाच्या कोनाड्यात ठेवून द्यायची, ही आपली जुनी रीत. चोराला ती जागा ठाऊक नसते असे आपण समजतो आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना ती ठाऊक असते याचा आपल्याला आधार वाटतो. हीच रीत आता पेढीवरच्या सर्व्हरपर्यंत जाऊन पोचली आहे.

कामशेतच्या बाजारपेठेत आमच्या नात्यातल्या एका गृहस्थांची तांदळाची पेढी आहे. नाणे मावळ, पवन मावळ इथला इंद्रायणी तांदूळ तेथे उतरतो. पूर्वी सारा हिशेब लाल खतावण्यांत असे. आता तो कोपऱ्यातल्या एका पेटीत असतो. पाच संगणक तिला तारांनी जोडलेले. पाचही माणसे एकाच नावाने आणि एकाच पासवर्डाने आत जात, आणि तो पासवर्ड गणपतीच्या तसबिरीमागे चिकटवलेला! राखणदार तरी योग्य निवडला होता!

एका श्रावणात एका गिऱ्हाइकाच्या नावावरची मोठी बाकी नाहीशी झाली. कोणी पुसली? सर्व्हर म्हणे, "मालकांनी". कारण त्याच्या लेखी पाचही जण मालकच होते. बाकीचा आकडा जुन्या प्रतीवरून परत मिळाला. पण मधल्या आठ दिवसांत तीस वर्षे इमाने राबलेल्या दिवाणजींकडे चार नजरा वळल्या होत्या. आपण निर्दोष आहोत हे दाखवायला त्या बिचाऱ्यांजवळ काही साधनच नव्हते. आकडा परत आला. दिवाणजींचे मन मात्र पूर्वीसारखे झाले नाही.

त्यानंतर पुण्याहून एक तरुण जाणकार बोलावला. त्याने प्रत्येकाला वेगळे नाव, वेगळा पासवर्ड दिला. गोदामवाल्याला मालाची नोंद दिसावी, खतावणी दिसू नये. दिवाणजींना खतावणी लिहिता यावी, जुनी पाने पुसता येऊ नयेत. पाच वेळा पासवर्ड चुकला की दार काही काळ बंद. बाहेरगावाहून आत यायचे तर पासवर्डाबरोबर फोनवरचा आकडाही हवा. कोण केव्हा आत आले, काय बदलले, याची आपोआप नोंद. खुद्द मालकांनाही रोजच्या कामापुरतेच अधिकार. सगळ्या दारांची किल्ली निराळ्या नावाखाली, क्वचित काढायची.

मालक जरा दुखावले. "आमच्या माणसांवर आमचा विश्वास नाही की काय?" जाणकार म्हणाला, "काका, ही व्यवस्था विश्वासू माणसासाठीच आहे." मला वाटते, सारे मर्म या एका वाक्यात आहे.

दारावरच्या या राखणदाराचे नाव मोठे गमतीचे आहे: केर्बेरॉस. हा ग्रीक पुराणातला, पाताळाच्या दारावरचा तीन तोंडांचा कुत्रा. आपल्या ऋग्वेदातही यमाच्या वाटेवर चार डोळ्यांचे दोन कुत्रे आहेतच. १९८० नंतरच्या दशकात अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत ही पद्धत तयार झाली आणि विंडोज जातीच्या सर्व्हरवर आज तीच चालते. तिची रीत लोकलच्या प्रवाशाला चटकन कळावी. सकाळी एकदा पासवर्डाने ओळख पटली की तिकीट मिळते. पुढे तेच दाखवून प्रत्येक दारासाठी वेगळे तिकीट घ्यायचे. पासवर्ड तारेवरून हिंडत नाही. तिकिटाची मुदत साधारण दहा तास. आणि दोन्ही बाजूंच्या घड्याळांत पाच मिनिटांहून अधिक अंतर पडले, तर राखणदार आत सोडत नाही. आपल्या लोकलला इतकी शिस्त असती तर!

कामशेतच्या पुढचे स्टेशन मळवली. तेथून लोहगडाला वाट जाते. गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा अशी चार दारे वळणावळणाने ओलांडल्यावर गड येतो. एक पडले तरी दुसरे उभे. शिवकालात गडावर हवालदार, सबनीस, सरनोबत असे निरनिराळे अधिकारी असत. सारा गड एकाच्या हाती नसे. हा काही अविश्वास नव्हता, ती शहाणपणाची राज्यव्यवस्था होती.

ही काळजी केवळ आत येणाऱ्याची नव्हे. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून ९४ कोटींहून अधिक रुपये गेले. ११ तारखेला २८ देशांतल्या एटीएममधून पैसे निघाले. १३ तारखेला आणखी रक्कम हाँगकाँगला गेली. एटीएमची विचारणा बँकेच्या खऱ्या यंत्रणेपर्यंत पोचलीच नाही. चोरांनी मध्ये बसवलेली खोटी यंत्रणाच "द्या" म्हणत राहिली. म्हणजे "कोण मागतो?" इतकेच "कोण देतो म्हणतो?" हेही तपासले पाहिजे.

लक्ष्मीपूजनाला आपण वह्यांवर कुंकवाचे स्वस्तिक काढतो. यंदा पेढीवर पूजा मांडताना प्रत्येकाची किल्ली वेगळी आहे ना, एवढे जरूर पाहावे. हिशेबाइतकेच तो लिहिणाऱ्याचे नावही निष्कलंक राहायला हवे.