साडेबारा गुणांची पैज

लिंबूटिंबू म्हणजे काय, हे मराठी वाचकाला सांगायला नको. आट्यापाट्यांत किंवा लगोरीत धाकटे भावंड हट्ट करून शिरले, की त्याला लिंबूटिंबू ठरवायचे. मग तो पकडला गेला तरी बाद नाही आणि चुकला तरी माफ. बुद्धिबळातला मुरलेला खेळाडूही नवशिक्याशी बसताना आपला एक घोडा डब्यातच ठेवतो. दुबळ्याच्या पदरात आधीच थोडे दान टाकून सामना बरोबरीचा करायचा, ही युक्ती फार जुनी आहे. मात्र या दानावर धंदा उभारता येतो हे मला १९६९ साली कळले. परभणीच्या मोंढ्याजवळ एक चहाचे हॉटेल होते, तिथे मी खाणावळीचे वीस रुपये पैजेला लावले. ते रुपये बुडाले नाहीत. बुडाले असते तर हा लेख लिहिण्याचे कारणच उरले नसते.

‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ ही म्हण आमच्या गावाबद्दल सगळीकडे ऐकू येते. म्हणीतच जुगार असलेले दुसरे गाव माझ्या माहितीत नाही. शिवाय मुलूख कापसाचा. मोंढ्यात भाव बोलले जात, जिनिंगमध्ये गासड्या बांधल्या जात, आणि भाव चढेल की उतरेल यावर चार रुपये लावणे लोकांना अगदी गैर वाटत नसे. मुंबईचा आकडासुद्धा आधी कापसावरच चाले. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातला उघडता आणि मिटता भाव यांवर तो लागे. १९६०च्या सुमारास तो आधार गेला, आणि कल्याणजी भगत, रतन खत्री या मंडळींनी मटक्याचा धंदा वाढवला. आमच्या हॉटेलात कोपऱ्यातल्या बाकावर बसणारे एक गृहस्थ याच परंपरेतले होते. पूर्वी ते कुठल्याशा पेढीवर मुनीम होते, म्हणून सारे त्यांना मुनीमजी म्हणत.

त्या हिवाळ्यात गावात बास्केटबॉलचे सामने होते. मैदान मातीचे, सकाळी पाणी मारून रूळ फिरवलेले. आमच्या गावचा संघ तगडा. त्यात माझा मामेभाऊ खेळे. माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा, सहा फूट उंच. आम्ही सारे त्याला दादा म्हणत असू. समोरचा संघ गोदाकाठच्या एका गावातल्या व्यायामशाळेचा. पोरे मीटरगेजच्या पॅसेंजरने पहाटे उतरली, स्टेशनच्या नळावर तोंड धुऊन चालत मैदानावर आली. दहा जणांत बुटांचे जोड सात. बदली खेळाडू आत जाताना बाहेर येणाऱ्याचे बूट घालून जाई. आदल्या वर्षी हाच संघ चाळीस गुणांनी हरला होता.

असल्या सामन्यावर पैज कोण लावणार? दुबळ्यावर पैसे लावायला कोणी तयार नव्हते, आणि बलवानावर लावलेले पैसे घ्यायला मुनीमजी तयार नव्हते. दोन दिवस धंदा थंड होता. तिसऱ्या दिवशी त्यांनी जाहीर केले, “पाव्हण्यांना साडेबारा दिले.”

आम्ही बुचकळ्यात पडलो. तेव्हा त्यांनी महालक्ष्मीच्या घोड्यांचा दाखला दिला. मुंबईचे ते रेसकोर्स १८८३ सालचे. तिथल्या हँडिकॅप शर्यतीत चांगल्या घोड्याच्या पाठीवर जास्त वजन चढवतात. जॉकी हलका असला तर खोगिरात शिसे घालतात. वजने ठरवणाऱ्या अधिकाऱ्याचा आदर्श असा, की सगळे घोडे एका रेषेत पोचावेत. “घोड्यावर शिसं टाकतात, मी गुण टाकले,” मुनीमजी म्हणाले. सामना संपला की पाहुण्यांच्या गुणांत साडेबारा मिळवायचे आणि मग पैज कोणी जिंकली ते पाहायचे. आमचा संघ तेरा किंवा अधिक गुणांनी जिंकला तर त्याच्यावर लावणारे जिंकले. बारा किंवा कमी गुणांनी जिंकला, तर मैदानात हरलेले पाहुणे हॉटेलात जिंकले! अर्धा गुण कशाला, तर बास्केटबॉलमध्ये अर्धा गुण कोणी करू शकत नाही, म्हणून बरोबरी होऊन पैसे परत करण्याची वेळ येत नाही. जिंकणाऱ्याच्या रुपयातून दहा पैसे मुनीमजींचे. दोन्ही बाजूंना दोनदोनशे लागले, की सामन्याचे काहीही होवो, वीस रुपये त्यांच्या खिशात. कोण जिंकणार याचा अंदाज त्यांना करायचाच नव्हता. निम्मे लोक इकडे आणि निम्मे तिकडे कोणत्या आकड्याला होतील, एवढाच त्यांचा अंदाज होता.

ही युक्ती मुनीमजींच्याच डोक्यातली, असे मी पुष्कळ वर्षे समजत होतो. पुढे वाचनात आले, की अमेरिकेत ती १९४०च्या दशकातच रूढ झाली होती, आणि तिचे श्रेय बहुतेक जण शिकागोच्या चार्ल्स मॅकनील यांना देतात. हे गृहस्थ आधी शाळेत गणित शिकवीत! तिकडे रिवाज असा, की दहा डॉलर जिंकण्यासाठी अकरा लावायचे. दोन बाजूंचे मिळून बावीस येतात, जिंकणाऱ्याला एकवीस जातात, एक पेढीवाल्याचा. ऐकायला किरकोळ वाटते. पण शंभरातल्या बावन्न पैजा जिंकणारा मनुष्यही या हिशेबाने शेवटी आठ डॉलरच्या तोट्यात जातो. गणिताच्या मास्तरांनी गणिताचा असा उपयोग करावा, याचा मला अजून राग येतो. थोडे कौतुकही वाटते, ते कबूल केले पाहिजे.

मी वीस रुपये पाहुण्यांवर लावले. दुबळ्यांविषयी कळवळा वगैरे काही नव्हते. साडेबारा हा आकडा मला भरपूर वाटला, आणि दादा माझा मामेभाऊ होता.

सामना सुरू झाला आणि बूट नसलेली ती पोरे विलक्षण पळू लागली. त्यांचा कप्तान चणीने लहान, पण चेंडू त्याच्या हाताला चिकटल्यासारखा. मध्यंतराला आम्ही नऊ गुणांनी पुढे होतो. मी मीठ लावलेल्या लिंबाच्या फोडी घेऊन दादाजवळ गेलो, आणि फोड त्याच्या हातात देताना हळूच म्हणालो, “दादा, साडेबारा हायेत. बारावर थांबा की.”

त्याने फोड चोखली, साल बाजूला टाकली आणि काही न बोलता आत गेला.

शेवटच्या मिनिटाला आम्ही ५१, पाहुणे ३९. म्हणजे बारा! एक बास्केट पडली की चौदा, आणि माझे वीस गेले. वीसेक सेकंद उरली असतील. चेंडू दादाच्या हातात आला. पुढे वाट मोकळी होती. दादा जागच्या जागी चेंडू आपटत उभा राहिला. एकदा त्याने वर पाहिले, पुन्हा खाली पाहिले, आणि शिट्टी झाली.

पाहुण्या पोरांनी जिंकल्यासारखी एकमेकांना मिठ्या मारल्या. त्यांना साडेबाराची गोष्ट ठाऊकच नव्हती. तो लहानखुरा कप्तान दादाकडे आला आणि त्याचा हात दोन्ही हातांत धरून म्हणाला, “मागल्या साली चाळीसनं हरलो होतो, दादा. औंदा बारानं.” दादाने मान हलवली आणि त्याच्या डोक्यावरून माझ्याकडे पाहिले.

मुनीमजींनी मला वीसाचे अडतीस दिले. संध्याकाळी मी नऊ रुपये दादापुढे ठेवले. “खानावळीचे भर,” एवढेच तो बोलला. पुढे तो दोन वर्षे खेळला, पण सामन्याला चल असे त्याने मला पुन्हा म्हटले नाही.

आम्ही जे केले त्याला नाव आहे, हेही मला नंतर कळले. न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजचा संघ १९५० साली एकाच मोसमात अमेरिकेतल्या कॉलेजांच्या दोन्ही मोठ्या स्पर्धा जिंकला. असा पराक्रम दुसऱ्या कोणत्याच संघाला साधलेला नाही. साध्या घरांतली पोरे, शहराने डोक्यावर घेतलेली. पुढच्याच वर्षी, १९५१च्या फेब्रुवारीत, त्यांतल्या काहींना अटक झाली. चौकशी वाढत गेली, तसे सात कॉलेजांतले बत्तीस खेळाडू सापडले. सामने विकले तरी बहुतेकांना हरावे लागत नव्हते. जिंकायचे, पण ठरल्यापेक्षा कमी गुणांनी जिंकायचे. साध्या पैजेत लाच घेणाऱ्याला आपल्या संघाला हरवावे लागते, आणि त्याला पुष्कळांची जीभ अडखळते. गुणांच्या पैजेने ती अडचणच काढून टाकली. कॉलेजचा झेंडा वर, आईबाप खूश, पेपरात फोटो, आणि खिशात पाकीट. कोणाचे काय बिघडले, असे स्वतःला विचारायची सोय झाली. हे प्रकरण उघडकीला येण्यात मॅनहॅटन कॉलेजच्या ज्यूनियस केलॉग या खेळाडूचा मोठा वाटा होता. त्याला एक हजार डॉलर देऊ केले होते. त्याने आपल्या प्रशिक्षकाकडे जाऊन ते सांगून टाकले.

आपल्याकडे क्रिकेटचे उदाहरण ताजे आहे. २०१० साली लॉर्ड्सवर पाकिस्तानच्या गोलंदाजांनी पैसे घेऊन नोबॉल टाकले. सामना नव्हे, नुसते नोबॉल विकले. दोन नोबॉलांनी कोण हरते?

गेल्या दिवाळीत मी परभणीला गेलो होतो. दादाचा नातू मोबाईलवर कुठल्याशा सामन्याचे असेच अधिक-उणे आकडे पाहत होता. ऑनलाइन पैशांच्या खेळांवर संसदेने ऑगस्ट २०२५मध्ये बंदीचा कायदा केला, हे त्याला ठाऊक होते. आपण नुसते पाहतो, असे त्याचे म्हणणे. “प्लस साडेबारा म्हणजे काय, आजोबा, सांगू?” त्याने मला विचारले. दादा पलीकडे आरामखुर्चीत होता. तो हसला, आणि सत्तावन्न वर्षांत… नाही, एक वर्ष कमीजास्त असेल, पण इतक्या वर्षांत आमच्यात तो विषय पहिल्यांदाच निघाला.

नातू फटाके उडवायला गेला, तसे मी विचारले, “दादा, त्या दिवशी तू चेंडू माझ्यासाठी धरून ठेवलास ना?”

“नाही रे,” तो म्हणाला. “आघाडी असली आन् वेळ थोडा असला, की चेंडू सोडायचा नाही. सरांनी तसंच शिकवलं होतं आम्हाला. तू नसतास तरी धरलाच असता.”

माझ्या छातीवरचे ओझे उतरले, असे मला वाटले. वहिनींनी चकल्यांची ताटली आणून ठेवली. दादाने एक चकली उचलली, मोडली, आणि तुकडा हातातच ठेवला.

“त्याच्या आधी दोन फ्री थ्रो मिळाले होते मला,” तो म्हणाला. “आठवतात का तुला? दोन्ही चुकले.”

मला ते आठवत नव्हते. तेव्हा मी फक्त पडलेल्या बास्केटा मोजत होतो.

“ते सरांनी नव्हतं शिकवलं,” दादा म्हणाला, आणि ताटली माझ्याकडे सरकवली.