ढोली, पेव आणि तळघर

मार्कंड्याला येणारा माणूस देवळांवरची शिल्पे पाहून परततो. गावातली धानाची ढोली सहसा कोणी पाहत नाही. बांबूने विणलेली, शेणामातीने लिंपलेली ही कणगी मी झाडीपट्टीत जिथे जिथे पाहिली, तिथे तिच्याखाली दगड किंवा लाकडे होती. धान जमिनीला टेकू द्यायचे नाही, हा इथला नेम. उलट, सांगलीजवळच्या हरिपुरात हळद जमिनीच्या पोटात, वीस-पंचवीस फूट खोल पेवांत साठवत आले. दोघांचा शत्रू एकच, ओल. मग रीती उलट्या का?

हरिपूरची माती घट्ट आणि कोरडी. पेवाला आतून पाल्यापाचोळ्याचे अस्तर देत. घोंगडीत ऊब राहते ती तिच्यात कोंडलेल्या हवेमुळे. अस्तराचे कामही तेच. मात्र ते भिजले की हवेची जागा पाणी घेते आणि उष्णता अडवण्याचा गुण संपतो. तोंड बंद केल्यावर आतला प्राणवायू घटतो, कीड जगत नाही. म्हणूनच पेव उघडल्याबरोबर कोणी आत उतरत नसे. पण २००५ च्या महापुरात पाणी शिरले आणि यांतली बरीच पेवे निकामी झाली.

वैनगंगेकाठी पाऊस सांगलीच्या सुमारे दुप्पट. पावसाळ्यात विहिरी वर येतात. इथे पेव खणणे म्हणजे विहीरच खणणे.

आज आपल्याकडेही दुकानांखाली तळघरे होत आहेत, वर्षाचा माल त्यांत राहतो. म्हणून हा हिशेब पुन्हा मांडतो. ओल तीन वाटांनी येते. भिंतीबाहेर साठलेले पाणी दाबाने आत घुसते. त्याला बाहेरूनच निचरा हवा. जमिनीतली ओल विटांच्या बारीक छिद्रांतून वर चढते. तिला बांधकामातच ओलरोधक थर हवा. तिसरी वाट फसवी आहे. श्रावणातली दमट हवा थंड भिंतीला लागली, की गार पाण्याच्या तांब्यासारखा भिंतीला घाम सुटतो. अशा दिवसांत ‘हवा खेळू दे’ म्हणून दारे उघडी टाकली, तर ओल वाढतेच. भिंतीवर उष्णतारोधक थर असेल तर ती इतकी गार पडत नाही. शक्य तिथे तो बाहेरूनच द्यावा.

म्हणून क्रम मोडू नये : आधी पाणी, मग उष्णता, शेवटी रंग. आतून रंग फासल्याने ओल मरत नाही, काही काळ दिसेनाशी होते, एवढेच. आणि जिथे पाणी वरच येणार, तिथे तळघराचा हट्ट सोडून माल ढोलीसारखा उंचावर ठेवावा.