चिपळूणचे घर आणि चार संकटे

इमारतीला असलेली जोखीम काढताना तीन गोष्टी मोजाव्या लागतात. त्या जागी संकट किती वेळा आणि किती जोराने येते, त्याच्या वाटेत काय उभे आहे, आणि जे उभे आहे ते कितपत कच्चे आहे. संकट एकच असेल तर हा हिशेब सरळ असतो. चिपळूणसारख्या गावात तो गुंततो. वाशिष्ठी नदीचे पाणी तिथे २००५ मध्ये बाजारपेठेत शिरले आणि २२ जुलै २०२१ ला पुन्हा शिरले. घाटमाथ्यापलीकडे कोयनानगर आहे. तिथे ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे सुमारे ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला. पश्चिमेच्या अरबी समुद्रातून जून २०२० मध्ये ‘निसर्ग’ आणि मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’ ही वादळे कोकणावर आली. शिवाय भोवताली पावसात सुटणारे डोंगर आहेतच.

पहिली अडचण मापाची. ‘शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर’ म्हणजे दर वर्षी एक टक्का शक्यता असलेला पूर. घराचे आयुष्य ५० वर्षे धरले, तर तेवढ्या काळात तो निदान एकदा येण्याची शक्यता जवळजवळ ४० टक्के होते. वाऱ्याच्या भारतीय मानकातला मूळ वेग ५० वर्षांच्या आवर्तनावर ठरतो. तो त्याच मुदतीत ओलांडला जाण्याची शक्यता सुमारे ६३ टक्के. भूकंपासाठी जगभर रूढ असलेले ४७५ वर्षांचे आवर्तन घेतले, तर ती १० टक्क्यांवर येते. तेव्हा पुराचा आणि भूकंपाचा नकाशा शेजारी ठेवून रंगांची तुलना करणे फसवे ठरते.

त्याहून अवघड गोष्ट ही, की एका संकटावरचा उपाय दुसऱ्याला आमंत्रण देतो. मराठवाड्यातल्या माळवदाच्या घरावर मातीचा जाड थर असतो. तो उन्हाला अडवतो आणि वाऱ्याने हलत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात किल्लारी परिसरात हाच थर मातीत रचलेल्या दगडी भिंतींसह झोपलेल्या माणसांवर कोसळला. कोकणातले कौलारू किंवा पत्र्याचे छप्पर याच्या उलट. भूकंपात हलके म्हणून बरे, पण ‘निसर्ग’ने रायगड जिल्ह्यात अशीच छपरे उडवून नेली.

पुराच्या गावात तळमजला नुसत्या खांबांवर मोकळा सोडायचा सल्ला हमखास दिला जातो. पाणी खालून निघून जाते, गाड्यांनाही जागा होते. मात्र वरचे मजले भिंतींमुळे ताठ आणि खालचा लवचिक राहिला, की भूकंपाचे सगळे हेलकावे त्या खांबांवर येतात. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात, भुजपासून दोनशेहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या अहमदाबादेत अशा पार्किंगवर उभ्या इमारती कोसळल्या. त्यानंतर २००२ च्या सुधारित मानकाने अशा मजल्याचे खांब आणि तुळया अडीचपट बलांसाठी आखायला सांगितले. दुसरा मार्ग खाली काँक्रीटच्या भिंती देण्याचा. त्या दोन्ही दिशांना लागतात, आणि प्रवाहाला आडव्या भिंतीवर पुराचा दाब येतो. तोही मग हिशेबात धरावा लागतो.

भूकंप, जोरदार वारा आणि मोठा पूर एकाच वेळी येणार नाहीत, असे भूकंपविषयक मानक गृहीत धरते. ते रास्त आहे. तिन्ही एकत्र धरले तर साधे घरही परवडणार नाही. पण संकटे एकापाठोपाठ येऊ शकतात, आणि त्याचा हिशेब या गृहीतकात नाही. धक्क्याने डोंगराला गेलेली भेग पुढच्या पावसाळ्यात दरड होऊन उतरते. पुराने पायाखालची माती धुऊन नेलेली इमारत कागदावर तीच असली, तरी तिची ताकद तीच राहत नाही. म्हणून आपत्तीनंतरची तपासणी केवळ पंचनाम्यापुरती ठेवणे चुकीचे आहे.

देशपातळीवर बिल्डिंग मटेरियल्स अँड टेक्नॉलॉजी प्रमोशन कौन्सिलचा ‘व्हल्नरेबिलिटी अ‍ॅटलास’ आहे. तो १९९७ मध्ये निघाला, नंतर २००६ आणि २०१९ मध्ये सुधारला गेला. भिंत आणि छप्पर कशाचे, यावरून घरांचे प्रकार पाडून कोणत्या जिल्ह्यात कोणत्या घराला कशाचा धोका, हे त्यात दिलेले आहे. जिल्ह्याचे सरासरी चित्र मात्र नदीकाठच्या आणि टेकडीवरच्या घराला एकाच रांगेत बसवते.

एका घरासाठी सगळी संकटे एका मापात आणायची, तर वर्षाचे सरासरी नुकसान काढतात. समजा, २० लाखांचे घर आहे. पंचविसातून एका वर्षी येणारा पूर तीन लाखांचे नुकसान करत असेल, तर पुराचे वर्षाला १२,००० रुपये होतात. ४७५ वर्षांतून एकदा येणारा भूकंप ते पूर्ण पाडत असेल, तर त्याचे सुमारे ४,२०० रुपये. आकडा पुराकडे बोट दाखवतो. पण पाणी चढताना माणसाला बहुधा माडीवर जायला वेळ मिळतो, भूकंपात मिळत नाही. त्यामुळे जीवितहानीचा अंदाज रुपयांत न मिसळता वेगळा मांडावा लागतो.

दुरुस्तीचा क्रम ठरवताना एकाहून अधिक संकटांत उपयोगी पडणारी कामे आधी येतात. चिऱ्याच्या घरात दारे-खिडक्यांच्या वर आणि भिंतींच्या माथ्यावर सलग काँक्रीटचा पट्टा दिला, की भूकंपात भिंती एकमेकींपासून सुटत नाहीत. माथ्याच्या त्याच पट्ट्यात छपराचे वासे बोल्टने जखडले, की वाऱ्यातही छप्पर जागेवर राहते. पुरासाठी भरीव, उंच जोते करता येते. पण ते नवे घर बांधतानाच. दरडीच्या वाटेवरच्या घराला यातले काहीच पुरेसे नाही. तिथे जागा बदलणे हाच उपाय उरतो.