ट्रेडमिलचा पट्टा, तेल आणि रायपूरची काळी धूळ

आज बोलायचंय घरच्या ट्रेडमिलबद्दल. ज्यांच्याकडे तो कपडे वाळत घालायला वापरतात, त्यांनी हा भाग सोडून दिला तरी चालेल.

आमच्याकडे तो रोज चालतो. सौ.ना मधुमेह आहे, आणि डॉक्टरांनी चालणं औषधाइतकंच सक्तीचं केलंय. मे महिन्यात रायपूरचा पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसवर जातो. सकाळी सातनंतर तेलीबांधा तलावावर फिरणं म्हणजे भट्टीशेजारून फिरणं. पुढे पावसाळा. म्हणजे ज्या चार-पाच महिन्यांत मशीनची खरी गरज असते, नेमकं त्याच वेळी ते बंद पडून चालत नाही. शेजारच्या एका गृहस्थांचं मशीन ऐन मेमध्ये बंद पडलं. सर्किट बोर्ड जळाला होता. नवा येईपर्यंत पाच आठवडे गेले, आणि तेवढ्यात त्यांची साखर कुठल्या कुठे पोचली.

बोर्ड जळाला, म्हणून सगळ्यांनी विजेला दोष दिला. पण मेकॅनिकने पट्टा उचलून दाखवला, तर खालची फळी कोरडी ठणठणीत. ट्रेडमिलमध्ये पट्टा एका गुळगुळीत फळीवरून सरकतो, आणि आपलं सगळं वजन त्या दोघांच्या मध्ये दाबलं जातं. तिथलं वंगण संपलं की घर्षण वाढतं, मोटर जास्त करंट ओढते, तापते, आणि तो करंट ज्या बोर्डातून जातो तो शेवटी मान टाकतो. रोग पट्ट्याखाली, मयत बोर्डाचं.

आणखी एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. वजनदार माणूस अगदी हळू, ताशी दोन किलोमीटरने, तासभर चालला तर मोटरला ते जड जातं. बहुतेक घरगुती मोटरींचा पंखा मोटरच्याच दांड्यावर असतो. मोटर हळू, तर पंखाही हळू, आणि ओझं मात्र पूर्ण. अशांनी वीस-वीस मिनिटांचे तुकडे करावेत.

तेल कधी घालायचं? प्लग काढा, पट्ट्याची कड उचला आणि हात आत घालून फळीला लावा. बोटं बुळबुळीत झाली तर काही करू नका. कोरडी निघाली तर शुद्ध सिलिकॉन ऑईल, साधारण दोन-तीन चमचे, पट्ट्याखाली दोन्ही बाजूंनी सोडा आणि पाच मिनिटं मशीन रिकामं, हळू चालवा. खोबरेल नको, शिलाई मशीनचं तेल नको, गंज काढायचा फवारा तर मुळीच नको. जास्त ओतलंत तर पट्टा घसरतो आणि धूळ चिकटते. काही मशीनच्या फळीला मेणाचा थर असतो, त्यांना तेल चालत नाही. तेव्हा आधी माहितीपुस्तिका वाचा. ती बहुधा टीव्हीखालच्या खणात असते.

आता धूळ. रायपूरकरांना सांगायला नको, उरला-सिलतराच्या स्पंज आयर्न कारखान्यांची काळी धूळ गच्चीवर कशी बसते. तिच्यात लोखंड आणि कोळशाचे कण असतात, म्हणजे ही धूळ वीज वाहून नेऊ शकते. साधी माती बोर्डावर बसली तर बोर्ड तापतो. ही बसली तर शॉर्टही होऊ शकतो. फौजेत रायफलच्या नळीतून ‘चार बाय दोन’ची चिंधी ओढल्याशिवाय जेवण गोड लागत नसे. तीच सवय इथे लावा. रोज पट्ट्याच्या बाजूच्या पट्ट्या पुसा. दोन-तीन महिन्यांनी, वॉरंटी संपली असेल तर, पुढचं झाकण उघडा. प्लग काढून आधी दहा मिनिटं थांबा, कारण कपॅसिटरमध्ये वीज साठलेली असते. मग कोरड्या मऊ ब्रशने आणि व्हॅक्यूम क्लीनरने धूळ बाहेर ओढा. ओलं फडकं आत न्यायचं नाही. वॉरंटी चालू असेल तर हे काम मेकॅनिकचं.

पट्टा डावीकडे सरकत असेल तर मशीनच्या मागे, पट्ट्याकडे तोंड करून उभे राहा आणि डावा बोल्ट घड्याळाच्या दिशेने पाव फेरा फिरवा. फक्त पाव. दोन मिनिटं रिकामं चालवून बघा, मग पुढचा पाव. मधोमध पट्टा दोन-तीन इंच उचलला जावा. तंबोऱ्याच्या तारेसारखा ताणलात तर बेअरिंग जातील. पाय टाकल्यावर पट्टा अडखळतोय आणि पुढचा रोलर फिरतोय, तर पट्टा सैल. रोलरही अडखळतोय, तर मोटरचा छोटा बेल्ट सैल. तो मेकॅनिकवर सोपवा.

विजेचं थोडक्यात: भिंतीतलं अर्थिंग असलेलं सोळा अँपिअरचं सॉकेट. एक्स्टेन्शन बोर्ड नाही.

आणि नातवंडं असतील तर हे ऐकाच. मे २०२१ मध्ये अमेरिकेत पेलोटन कंपनीने आपली ‘ट्रेड प्लस’ यंत्रं, सुमारे सव्वा लाख, परत मागवली. मागच्या टोकाकडून मुलं आणि पाळीव प्राणी खाली ओढले जात होते. सहा वर्षांच्या एका मुलाचा जीव गेला. म्हणून मागे निदान सहा फूट जागा मोकळी ठेवा, भिंत नको, पलंगही नको. चालून झालं की लाल सेफ्टी की काढायची. आमच्याकडे ती फ्रिजवर, सौ.च्या गोळ्यांच्या डब्यात असते.

पुढच्या भागात इन्व्हर्टरची बॅटरी.