ओसाकाचे सूत, वऱ्हाडचा कापूस

जपान म्हटले की आपल्या रसिकांच्या डोळ्यांपुढे चेरीचा बहर उभा राहतो. मला मात्र कापसाच्या गाठी आठवतात. ओसाका-कोबेच्या वैभवात माळव्या-वऱ्हाडच्या काळ्या मातीचाही वाटा आहे. तो सहसा कोणी मोजत नाही, इतकेच.

ओसाका हे मुळातच व्यापाऱ्यांचे गाव. सरदारांचा तांदूळ तेथे येऊन विकला जाई, म्हणून त्याला ‘देशाचे स्वयंपाकघर’ म्हणत. तेथील दोजिमा पेठेतल्या तांदळाच्या वायद्यांना १७३० साली शोगुनांची मान्यता मिळाली. वायद्याचे गणित कोळून प्यालेल्या आपल्या इंदूरकरांना हे गाव परके वाटू नये!

शेजारचे कोबे बंदर १८६८ साली परदेशी व्यापाराला खुले झाले. १८८३ साली ओसाकात मोठी सूतगिरणी सुरू झाली आणि पुढे विजेच्या दिव्यांखाली रात्रपाळीही चालू लागली. या चात्यांना कापूस हवा होता. १८९३ साली जमशेदजी टाटा आणि ‘निप्पॉन यूसेन’ कंपनी यांनी मिळून मुंबई-कोबे आगबोटी सुरू केल्या, तेव्हा या मार्गावरील युरोपीय कंपन्यांच्या मक्तेदारीला धक्का बसला.

वऱ्हाड-खानदेशच्या कापसाला मुंबईच्या बाजारात ‘उमरा’ म्हणत. अमरावतीचेच ते बदललेले रूप. त्याचा धागा आखूड, म्हणून लँकेशायरची त्यावर मर्जी कमी. ओसाकाच्या गिरण्यांनी त्यात अमेरिकेचा लांब धागा मिसळून उत्तम सूत काढले. मला तर वाटते, या मिश्रणाच्या हातोटीतच त्यांचे खरे भांडवल होते.

पुढे जपानी कापड स्वस्तात येथे येऊ लागले आणि आपल्या गिरण्या हवालदिल झाल्या. १९३३ साली सरकारने त्यावर ७५ टक्के जकात बसविली. जपानी गिरण्यांनी उलट आपला कापूस घेणेच थांबविले! अखेर १९३४ साली तडजोड झाली: जपानने १५ लाख गाठी कापूस उचलावा, तर त्याला ४० कोटी वार कापड येथे पाठविता यावे.

वाद गिरणीवाल्यांचा आणि सरकारांचा. जीव मात्र टांगणीला लागला कापूसवाल्या शेतकऱ्याचा. वाटाघाटींत त्याला कोणी विचारले नव्हते. परदेशी व्यापाराचे आकडे वाचताना मी म्हणूनच बंदरापाशी थांबत नाही. गाठ जेथून निघाली, त्या शेतापर्यंत जाऊन पाहतो.