ओळींमधील मोकळी जागा

गेल्या पावसाळ्यात पार्से येथील एका निवृत्त गुरुजींकडे गृहभेटीस जाण्याचा योग आला. दोन्ही डोळ्यांतील मोतीबिंदू काढलेले. परंतु दृष्टिपटलाचा मध्यभाग वयोमानाने झिजलेला. संगणकावर एका संकेतस्थळावरील औषधाची माहिती दाखवीत ते म्हणाले, "डॉक्टर, अक्षर मोठं केलं तरी ओळ हरवते. नातवानं ओळींतलं अंतर वाढवून दिलं, तर आता शेवटचा शब्दच नाहीसा झाला." पाहतो तो चौकटीत 'ही गोळी उपाशीपोटी घेऊ' एवढेच उरले होते. 'नये' हा शब्द चौकटीखाली गडप झाला होता! मराठीत नकार वाक्याच्या शेवटी येतो, हे रचनाकाराच्या ध्यानी आले नसावे.

दृष्टीचा मध्यभाग गेलेला रुग्ण कडेच्या दृष्टीने वाचतो. तेथे शेजारशेजारची अक्षरे एकमेकांत मिसळल्यासारखी भासतात आणि पुढील ओळीचा आरंभ सापडत नाही. वाचनअक्षमता असलेल्या मुलांचा प्रश्न निराळा. तरी २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या इटालियन व फ्रेंच मुलांच्या अभ्यासात अक्षरांतील अंतर वाढविताच त्यांचे वाचन अधिक अचूक झाल्याचे आढळले. उलट काचबिंदूमुळे दृष्टिक्षेत्र आकसलेल्यास फार विरळ मजकूर गैरसोयीचाच, कारण एका नजरेत मोजकेच शब्द मावतात. म्हणून सर्वांसाठी एकच अंतर ठरवून चालत नाही. ते वाचकाच्या हाती हवे.

'डब्ल्यूथ्रीसी' या संस्थेने जून २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सुगम्यतेच्या निकषांत नेमके हेच आहे. वाचकाने ओळींचे अंतर अक्षराच्या आकाराच्या दीडपट, परिच्छेदांमधील अंतर दुप्पट, अक्षरांमधील ०.१२ पट आणि शब्दांमधील ०.१६ पट केले, तरी मजकूर वा सोय नष्ट होता कामा नये. संकेतस्थळाने आरंभीच एवढे अंतर ठेवावे, असा आग्रह नाही. पुष्कळांचा येथे गैरसमज होतो. दोष बहुधा चौकटीची उंची कायमची ठरवून बाहेर जाणारा मजकूर लपविण्यात असतो. किमान उंची सांगून चौकट वाढू दिली आणि अंतरे अक्षराच्या आकाराच्या पटीत लिहिली, की बरेचसे काम भागते.

देवनागरीची अडचण मात्र वेगळी आहे. अक्षरे दूर सारली की शिरोरेषा तुटते आणि शब्दाची आकृती विस्कटते.  ज्या लिपीत एखादे अंतर वापरले जात नाही, तिने उरलेली पाळावीत, अशी सवलत निकषांतच आहे. माझ्या मते मराठीत ओळींच्या व शब्दांच्या अंतरावर भर द्यावा. 'पार्से' हेच नाव पाहा. 'से'वर मात्रा आणि रफार दोन्ही चढतात. ओळी दाट असल्या की वरच्या ओळीतील उकार त्यांना भिडतो, आणि रफार कापला गेला तर गावाचे 'पासे' होते!

दिव्यांगांच्या हक्कांचा २०१६ चा कायदा सुगम्य माहितीची अपेक्षा करतो. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंतची पोहोच ही घटनेच्या २१व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचा भाग मानली. दवाखान्यांची संकेतस्थळे करवून घेणाऱ्या आपल्या व्यवसायबंधूंनी मजकूर सोपविण्यापूर्वी ओळी दीडपट करून एकवार पाहावे; पाच मिनिटेही लागत नाहीत.

गुरुजींना आम्ही फायरफॉक्समधील वाचनदृश्य उघडून दिले. तेथे ओळींचे अंतर वाढविता येते आणि चौकटी आड येत नाहीत, त्यामुळे लेख ते स्वतः वाचतात. नोंदणीचे अर्ज मात्र त्या दृश्यात भरता येत नाहीत. बांबोळीला जायचे झाले, की त्यासाठी अजूनही नातवाची वाट पाहावी लागते.